कौसाकाकीचा गुडघा

धानाची रोवणी लागली की माझ्या दवाखान्यात आधी कंबरा येतात, माणसं मागून. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात छत्री आणि पोटरीवर वाळलेल्या चिखलाची रेघ. चंद्रपुरात बसूनही मला कळतं की पोंभुर्ण्याकडे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटायला सुरुवात झाली. जिवतीच्या डोंगरातून येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांची तक्रार गुडघ्यांची आणि टाचांची, आणि पोटऱ्या अशा घट्ट की अंगठा रुतत नाही. कोण कुठून आलं, काय पिकवतं, हे विचारायच्या आधी चालीवरून ओळखायचा खेळ मी मनातल्या मनात खेळते. निम्म्या वेळा हरते, तरी सोडत नाही.

प्रत्येकीला मी एकच सांगते, "कशा वाकता ते करून दाखवा." मग हसू फुटतं. "इथी? फरशीवर?" हो, इथेच. पदर खोचला जातो, बाई वाकते आणि माझ्या पांढऱ्या फरशीवर न दिसणारं धान रोवायला लागते. मी बघत राहते. ती तिचा भार कुठे टेकवते, कोणता पाय आधी उचलते, श्वास कधी सोडते. पुरतं बघून झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. माझ्या हाताखालच्या नव्या मुलीला हा वेळकाढूपणा वाटतो. बाहेर बाकावर चार जण ताटकळलेले असतात, तिचंही बरोबर आहे. पण आधी बघायचं आणि मग बोलायचं, हे मला एका गुडघ्यानं शिकवलंय. तो गुडघा शेजारच्या कौसाकाकीचा होता, आणि तो दुखावला माझ्या बोलण्यामुळे. तो पुन्हा नीट वाकेल की नाही, हा प्रश्न एका अख्ख्या रोवणीत माझ्या छातीवर बसून होता.

त्या वर्षी मी नागपूरला फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते आणि शरीररचनेत नापास झाले होते. अभ्यास केला नव्हता असं नाही. हाडांची नावं मी पाढ्यांसारखी म्हणायचे, स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो हे झोपेतून उठवलं तरी सांगायचे. तोंडी परीक्षेत सरांनी माझ्या तळहातावर एक छोटं, चपट्या सुपारीसारखं हाड ठेवलं. मी म्हटलं, "पटेला, गुडघ्याची वाटी." कोणत्या बाजूची? उजवी. तेही बरोबर. मग त्यांनी सहज विचारलं, "मांडी घालून बसलीस की ही कुठे जाते?"

जेवायला मांडी, शाळेत मांडी, भजनाला मांडी. जन्मभर मांडी घालून बसलेली मुलगी मी, आणि माझ्याच गुडघ्याची वाटी त्या वेळी कुठे जाते याचा मला पत्ता नव्हता. सर रागावले नाहीत. "घरी जा, बस आणि बघ," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्यावर उलट रागावता आलं असतं.

पुरवणी परीक्षेला दीड महिना होता. मी गावी आले, ती एका सीनियर मुलीकडून एका पायाची हाडं उसनी घेऊन. मांडीचं लांब हाड, नडगीचं, तिच्या शेजारचं बारीक, वाटी, आणि तारेत ओवलेलं पाऊल. सगळं जुन्या चादरीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतलं होतं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाये वो त्याच्यात?" मी म्हटलं, "अभ्यास." घरी आईला सांगितलं की प्लास्टिकचं आहे. आईनं गाठोडं एकदा बाहेरूनच दाबून बघितलं आणि देवघरापासून लांब ठेव म्हणाली.

मग मी बसले आणि बघितलं. पाय पसरून सैल सोडला की वाटी बोटांनी इकडेतिकडे सरकवता येते, मजेत हलते. गुडघा दुमडला की ती खाली उतरते आणि मांडीच्या हाडाच्या टोकाला असलेल्या खाचेत जाऊन बसते. मग कितीही ढकला, हलत नाही. मी दहादा पाय लांब केला, दहादा दुमडला. एवढ्या साध्या गोष्टीचा मला जो आनंद झाला तो पुस्तकातल्या एकाही पानानं दिला नव्हता. त्या दिवसापासून मला वेडच लागलं. बाबा सायकलवर टांग टाकताना कोणता स्नायू आखडतो, आई विळीवर अंबाडी चिरताना मनगट कसं वळवते, जमिनीवरची घागर कमरेवर घेताना आधी कोणता खांदा खाली जातो. आई वैतागायची. "अशी काऊन पाह्यते माह्याकडं? नजर लावशील." पावसानं अंगण भरलेलं, घरात ओल्या लाकडाचा धूर, चुलीवर वास्त्यांची, बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी शिजत असायची, आणि मी पाटावर बसून घास चावताना कानशिलावर दोन बोटं ठेवून तिथला स्नायू फुगतो का ते चाचपत असायचे.

कौसाकाकी आमच्या शेजारची. नात्यानं कुणी नाही, पण आमच्या घरात तिला दार वाजवावं लागत नसे. पन्नाशी ओलांडलेली, उंच, आवाज धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या, या टोकाहून त्या टोकाला जाणारा. गावात रोवणीला बायांची जी टोळी निघायची तिची ती म्होरकी. चौदा बाया, कोण कुठे उभी राहणार, गाणं कधी उचलायचं, धुऱ्यावर कधी टेकायचं, सगळं काकी ठरवायची. दुपारी ती चहापत्ती मागायला आली तेव्हा पडवीत माझ्यापुढे नडगीचं हाड होतं.

"हे कोनाचं व्हय?"

"प्लास्टिकचं आहे, काकी."

तिनं ते उचललं, हातात तोललं, आतली छिद्रं बघितली. "प्लास्टिकले अशी छेदं नाई राहत. कोनाचं व्हय, सांग ना वो."

मला माहीत नव्हतं. वर्षभर आम्ही कोणतं हाड, कोणती बाजू, एवढंच विचारत आलो होतो. कोणाचं, हे वर्गात कुणी विचारलंच नव्हतं. मला जे ठाऊक होतं तेवढं मी तिला दाखवलं. हाडाच्या खालच्या टोकाला, घोट्याजवळ पुढच्या काठावर, एक छोटीशी गुळगुळीत जागा होती. जन्मभर उकिडवं बसणाऱ्या माणसाच्या हाडावर ती उमटते, हाडाला हाड टेकून टेकून. म्हणजे हे जे कोणी होतं ते चुलीपुढे, अंगणात, शेतात असंच बसत असणार.

"मंग आपल्यातलंच कोनी असन," काकी म्हणाली. हाड खाली ठेवण्याआधी तिनं चादरीची सुरकुती सारखी केली.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. तिला त्या हाडांचं कुतूहल होतं, आणि मला तिच्या पायाचं. पुस्तकातली चित्रं गुबगुबीत, गुळगुळीत माणसांची. काकीच्या पायात मात्र प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी दिसायची. मी धाकट्या भावाचे स्केचपेन आणले आणि तिच्या डाव्या पायावर स्नायू काढायला बसले. मांडीवरून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या अंगाला जाणारा लांब, पट्टीसारखा स्नायू निळा. त्याचं नाव शिंप्यावरून पडलंय, मांडी घालून बसायला तो मदत करतो म्हणून. गुडघ्याच्या वर आतून फुगणारा लाल. पोटरीचे दोन भाग हिरवे. काकी हसून हसून पाय हलवायची. "माह्या टांगेवर नकाशा काढते पोट्टी. तलाठ्याले बलावू का मोजनीले?" दुसऱ्या दिवशी ती तशीच पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत उतरली. संध्याकाळी परत आली तेव्हा गुडघ्याखालचा रंग गेला होता आणि वरचा निळा स्नायू शाबूत होता.

इथवर सगळं छान होतं. बिघडलं ते मला थोडं कळायला लागल्यावर.

पुस्तकात तरफेचा धडा होता. माणूस पुढे वाकला की त्याचं डोकं, खांदे, हात सगळे कमरेपासून लांब जातात आणि तेवढा ताण कमरेच्या स्नायूंवर येतो. म्हणून ओझं उचलताना कंबर वाकवू नये, गुडघे वाकवावेत. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या टोळीच्या चौदा पाठी आल्या. दुसऱ्या दिवशी मी चहाची किटली घेऊन बांधीवर गेले. बारीक पाऊस होता, पाठीवर प्लास्टिकच्या पन्न्या बांधलेल्या, पलीकडे जंगलाची काळपट कड. सगळ्या बाया वाकून, मागे मागे सरत रोवत होत्या. मी धुऱ्यावर उभी राहून व्याख्यान दिलं. छत्री मिटवून उभी धरली आणि म्हटलं, बघा, हलकी लागते. मग आडवी धरली, हात थरथरेपर्यंत. तुमच्या कमरेचं असं होतं. बाया कौतुकानं बघत होत्या. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, हे आजही सांगते.

"म्हणून कंबर वाकवू नका," मी म्हटलं, "गुडघे वाकवा. बसून रोवा."

"बसून?" शांताबाई म्हणाली. ती काकीच्या उजव्या हाताला रोवायची. "बूड भिजन ना वो!" हशा पिकला. मग ती जंगलाकडे हनुवटी करून म्हणाली, "आन काठाले बसून काम नाई करत इथी. बसलेलं माणूस वाघाले माणूस नाई वाटत."

मी हसले. शिकलेल्या माणसाचं ते एक हसू असतं ना, तसं. मला वाटलं होतं विषय संपला. पण काकीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पोरगी नागपूरले शिकून राह्यली, तिले काई मालूम असन ना. मी करून पाह्यतो." आणि तिनं लुगडं वर खोचून गुडघे दुमडले.

दोन दिवस ती तशी रोवत होती. बाकीच्या चिडवत होत्या, बेडूक म्हणत होत्या. संध्याकाळी ती पडवीत आली की मी अधीर होऊन विचारायचे. "कंबर हलकी वाटते वो," ती म्हणाली, "खरंच हलकी वाटते." नापास झाल्यापासून पहिल्यांदा मला मी हुशार वाटले. त्या आनंदात गुडघ्याचं कसं काय, हे विचारायचं सुचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपार व्हायच्या आत निरोप आला. मी धावत गेले तेव्हा काकी धुऱ्यावर बसली होती, डावा पाय पसरलेला, शांताबाई त्यावर पाणी ओतत होती. बसल्या बसल्या मागची पऱ्ह्याची पेंढी घ्यायला ती वळली. अंग वळलं, पाय चिखलात तसाच राहिला. आत काहीतरी 'कट्' झालं, म्हणाली. चार जणींनी तिला उचलून आणलं. मंगळवारी सकाळपर्यंत गुडघा असा सुजला की वाटी दिसेनाशी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"घसरली साहेब," काकी म्हणाली.

मी शेजारीच उभी होते. घसरली नव्हती हे मला ठाऊक होतं. तरी काहीतरी घसरल्यासारखंच झालं असेल, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. पट्टी, गोळ्या, आराम, उतार पडला नाही तर पुन्हा या. आम्ही परत आलो.

गुरुवारी सूज थोडी उतरली, पण पाय पूर्ण सरळ होईना की पुरता वाकेना. एका ठिकाणी येऊन अडकायचा. काकीच्या दिरानं ठरवलं की रविवारी तिला नदीपलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्याकडे न्यायचं. तो निसटलेले सांधे ओढून जागेवर बसवायचा. मी त्याला नावं ठेवणार नाही. लहानपणी माझं मनगट त्यानंच बसवलं होतं. काकीला घाई होती. पुढ्यात अर्ध्या गावाची रोवणी पडली होती, आणि तिला त्याहून मोठी एक भीती होती. "गुडघा वाकला नाई त मी बाहेर कशी बसू वो?" असं ती माझ्या आईला हळूच म्हणाली. म्हणजे हा गुडघा वाकला नाही तर तिच्या हातचं काम जाणारच होतं, पण रोज सकाळी संडासला जायलाही कुणाचा तरी हात धरावा लागणार होता. कुणाच्या हाताला धरून चालणारी बाई नव्हती ती.

त्या दुपारी मी गुडघ्याचं पान उघडलं. ते मला पाठ होतं. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, भार पसरवण्यासाठी. त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्या केव्हा फाटतात? पाऊल जमिनीत घट्ट रुतलेलं, गुडघा दुमडलेला, त्यावर शरीराचा भार, आणि अशा वेळी अंग फिरलं तर. सूज लगेच येत नाही, एखाद्या दिवसात चढते. गुडघा अडकू लागतो. कुणीतरी या ओळींच्या बाजूला पेन्सिलीनं 'महत्त्वाचे' असं लिहिलेलं होतं. मी याच ओळी परीक्षेसाठी वीस वेळा म्हटल्या होत्या आणि धुऱ्यावर उभी राहून नेमकं हेच करायला काकीला सांगितलं होतं. फक्त माझ्या पुस्तकात चिखल नव्हता. असा अडकलेला गुडघा जोर लावून ओढला तर आत आणखी फाटू शकतं, एवढंही मला कळलं. रविवारला तीन दिवस होते.

त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं. मी नाही उठले. एकदा नापास झाले होते, आता गावातही नापास व्हायची माझी तयारी नव्हती. शांताबाईचं तोंड आठवलं. आईला शेजारात मान खाली घालावी लागेल हे आठवलं. भित्र्या माणसाला कारणं फार सुचतात. त्याऐवजी शुक्रवारी मी टोळीत गेले. एक हात कमी पडतोय, मी येते, म्हटलं. जणू दोन बांध्या रोवून दिल्या की फेड होणार होती.

पण शरीरशास्त्र मी शिकले ते त्या दीड दिवसात. धुऱ्यावरून मला फक्त पाठी दिसल्या होत्या. आत उतरल्यावर दिसलं की वाकतात त्या कमरेतून कमी आणि खुब्यांतून जास्त. पाय जवळजवळ सरळ, आणि डावा हात, ज्यात रोपं धरलेली असतात, तो कोपरापासून डाव्या मांडीवर टेकलेला. अंगाचा बराचसा भार त्या हातातून मांडीत उतरतो. माझी आडवी छत्री त्यांनी केव्हाच खालून टेकू लावून धरली होती. उजव्या हाताची तीन बोटं रोप चिखलात खोचतात आणि लगेच बाहेर. अधूनमधून एक बाई पाठ सरळ करून जंगलाच्या कडेकडे बघते, थोड्या वेळानं दुसरी, मग तिसरी. ती वाघावर नजर होती हे खरं, पण प्रत्येकीच्या कमरेला पाळीपाळीनं मिळणारी विश्रांतीही तीच होती. कमरा दुखत नव्हत्या असं नाही, दुखायच्याच, संध्याकाळी सगळ्या कण्हत घरी जायच्या. पण त्यांनी जे शोधून काढलं होतं ते मी बघितलंच नव्हतं.

माझी रोपं पाण्यावर तरंगायला लागली तेव्हा शांताबाई खूप हसली. मग मी एकदा पेंढी घ्यायला वळले आणि तिनं माझा खांदाच धरला.

"आधी टाच सोडव. मंग पाय. मंग आंग. चिखलानं पाय धरला असला त कधीच फिरायचं नाई."

तिनं करून दाखवलं. टाच उचलली की चिखल 'पच्' करून हवा आत घेतो आणि पाय मोकळा होतो. उभ्या माणसाला हे जमतं, कारण त्याला एका पायावर भार देऊन दुसरा सोडवता येतो. उकिडवं बसलं की दोन्ही तळव्यांवर सगळा भार. टाच सुटतच नाही. काकीला पस्तीस वर्षं हे येत होतं. मी तिला खाली बसवलं आणि तिचं येणारं काढून घेतलं. शांताबाई बोलत होती ते माझ्या पुस्तकातलंच वाक्य होतं, फक्त ते तिला बिनचूक माहीत होतं आणि मला पाठ होतं.

शनिवारी दुपारी पाय धुऊन मी थेट काकीकडे गेले. ती बाजेवर, गुडघ्याखाली गोधडीची घडी. मी सगळं सांगितलं. पुस्तकातलं पान, चिखल, टाच, आणि उद्या गुडघा ओढून घेऊ नको हेही. रडत होते की नव्हते ते आठवत नाही.

तिनं शांतपणे विचारलं, "तुले कधी कळलं हे?"

"गुरुवारी."

"आन आज शनवार."

तिनं गुडघ्याखालची घडी सारखी केली. मग म्हणाली, "बसून रोवाचं मी ठरवलं. माया पाय, माया गुडघा. त्याचं मी तुले नाई बोलत. पन दोन दिवस तू गप राह्यली ना, ते तुया एकटीचं व्हय. डॉक्टरले मी घसरली म्हणून काऊन सांगतली? तुले कोनी बोलू नये म्हणून. आन तू उभी राहून ऐकून घेतली. उद्या मी ओढून घेतला असता ना वो पाय!"

"जा आता," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. मला आयुष्यात पुष्कळ लोक रागावले, पण ते ऐकून घेताना ते इतकं खरं आहे असं फारसं कधी वाटलं नाही. रविवारी ती नदीपलीकडे गेली नाही. आमच्याकडेही आली नाही. सोमवारी सकाळी तिच्या दारात ऑटो उभा राहिला आणि तिच्या धाकट्या पुतणीनं येऊन सांगितलं, "काकू बलावते. दवाखान्यात चाल म्हणते."

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको, म्हणून सांगून टाकते. काकीला ऑपरेशन लागलं नाही. चंद्रपूरला एमआरआय काढला, गादी थोडी फाटली होती. त्या वर्षीची रोवणी तिच्या हातून गेली. धान कापायला आलं तेव्हा ती धुऱ्यावर उभी राहून हुकूम सोडत होती, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधीत, टोळीच्या पुढे. उकिडवं बसताना तिचा डावा गुडघा आजही किंचित आढेवेढे घेतो. बसते, पण आधी एक हात जमिनीला टेकवते. तो टेकलेला हात मी जेव्हा जेव्हा बघते तेव्हा मला लाज वाटते, आणि लगेच तो किती नेमका टेकवते याचं नवलही वाटतं. दोन्ही खरं आहे. मी पुरवणी परीक्षेत पास झाले.

पण तो सोमवार. तालुक्याच्या दवाखान्यातली तीच खोली, तेच डॉक्टर, तरुण, रात्रपाळी करून थकलेले. "पुन्हा सांगा, नेमकं काय झालं?" काकी टेबलावर बसली होती. तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिले विचारा. तिले सगळं मालूम हाये."

मी सांगितलं. पाऊल कसं रुतलं होतं, गुडघा किती दुमडलेला होता, अंग कोणत्या बाजूला फिरलं, सूज कधी चढली, पाय कुठे अडकतो. आणि तिला तसं बसायला कुणी सांगितलं, तेही. डॉक्टर ऐकत होते. रागावले नाहीत. "कितव्या वर्षाला आहेस?" "पहिल्या. नापास." ते थोडे मागे सरले. "मग दाखव. कुठे दुखत असेल?"

मी काकीचा गुडघा जेवढा वाकत होता तेवढा हळूच वाकवला. वाटी शोधली. तिच्या खालच्या कडेशी अंगठा ठेवला आणि आतल्या बाजूला सरकवला, जिथे हाड संपतं आणि एक बारीक फट लागते, वरचं हाड आणि खालचं हाड यांच्यामधली. त्या फटीतून मागे, एक बोट, दीड बोट. काकीच्या कातडीवर कसलाही रंग नव्हता, कसली रेघ नव्हती. इथे, असं वाटलं. मी दाबलं.

काकीचं सगळं अंग उडालं. "आई गं!" तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला. अर्ध्या श्वासापुरता, पण झाला. शरीररचनेतलं माझं ते पहिलं खरं उत्तर होतं. मग मी वर बघितलं तर तिचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि मी हात मागे घ्यायला लागले.

तिनं मनगट सोडलं नाही. माझं बोट तिथेच दाबून धरलं.

"काढू नको. सापडलं ना तुले? मंग पाह्यून घे नीट," ती म्हणाली. "डबल नाई दाखवणार मी."